सभासदाने स्वतः चालवावे

आमच्या मधुमालती सोसायटीत भांडणं दोनच गोष्टींवरून होतात, पाणी आणि पार्किंग. पाण्याचं भांडण उन्हाळ्यापुरतं असतं, पार्किंगचं बारमाही. इमारत खांबांवर उभी आहे, खांबांमधल्या सावलीच्या जागा मोजक्या, आणि कोथरूडमध्ये ज्याच्या घरी एकही वाहन नाही असा माणूस शोधून काढावा लागतो. ज्यांना आतली जागा मिळाली ते सुखी. बाकीच्यांची वाहनं कुंपणाशी जांभळाखाली उभी असतात आणि त्या जांभळावर कावळ्यांची पूर्वापार वस्ती आहे. बाहेरच्या माणसाला सकाळी सीट धुतल्याशिवाय ऑफिस गाठता येत नाही.

आमची जागा आत होती. तिला लागूनच, पलीकडच्या खांबाशी, हुस्नबानूंची.

हुस्नबानू आमच्या समोरच्या दारात राहतात. टेलिफोन ऑफिसातून निवृत्त झाल्या आहेत. त्यांचे यजमान मेहबूबभाई, बुधवार पेठेत त्यांचं रेडिओ आणि टेप दुरुस्तीचं दुकान होतं. कमी बोलणारा, नेमका माणूस. एका सकाळी दुकानात जायला निघाले आणि जिन्यातच कोसळले. मागे राहिल्या हुस्नबानू आणि मेहबूबभाईंची निळी चेतक. बाईंना स्कूटर चालवता येत नव्हती आणि विकवतही नव्हती. ती खांबाशी धूळ खात उभी राहिली.

मला त्याचं काही वाटत नव्हतं. हे मुद्दाम सांगते, कारण नंतर सोसायटीत अशी कुजबुज झाली की माझा त्यांच्यावर पहिल्यापासूनच राग होता. पहिल्यापासून नव्हता. बाई फटकळ आहेत. माझी चप्पल चुकून त्यांच्या पायपुसण्यावर गेली तर त्या ती केरसुणीने ढकलून माझ्या हद्दीत परत पाठवतात. पण मीही काही कमी नाही, मी ती पुन्हा होती तिथेच ठेवते. आमचं चांगलं चाललं होतं.

मग आमच्या सेक्रेटरींना नियम सुचला. यज्ञेश्वरराव पाटबंधारे खात्यात होते. तिथे आयुष्यभर वरच्या साहेबांचे नियम पाळले, आता स्वतःचे करतात. त्यांनी जिन्याखाली फळ्यावर लिहिलं की बंद पडलेल्या वाहनास सावलीचा हक्क नाही, सबब अशी वाहने जांभळाखाली हलवावीत, अन्यथा सोसायटी हलवेल व त्याबद्दल आभार मानण्याची गरज नाही. वरच्या मजल्यावरच्या जयसिंगने नवी मोटार घेतली होती आणि ती उन्हात तापत होती. नियम कोणासाठी होता हे फळा न वाचणाऱ्यालाही कळलं असतं.

त्या संध्याकाळी हुस्नबानू आमच्याकडे आल्या. यांना म्हणाल्या की श्रीधरभाऊ, एवढी स्कूटर चालू करून द्याल का, दर आठवड्याला चालू केली म्हणजे ती बंद आहे असं कोणाला म्हणता येणार नाही. हे लगेच हो म्हणाले. मीसुद्धा म्हटलं, हो हो, त्यात काय एवढं.

आता आमच्या यांच्याबद्दल दोन शब्द सांगायला हवेत. हे पिंपरीला एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये होते. तिथे पाना-पकड, नटबोल्ट हाताळण्यात जन्म गेला, म्हणून घरी कशाला हात लावत नाहीत. आमच्या न्हाणीघराचा नळ मी पंचा गुंडाळून चालवते. मिक्सरचं झाकण तुटलं तेव्हा हे म्हणाले, ताटली ठेव वर. असा हा माणूस रविवारी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, हातात स्क्रू ड्रायव्हर आणि पॉलिश पेपर घेऊन, शीळ घालत जिना उतरायला लागला.

पहिल्या रविवारी मी कौतुकाने बघितलं. यांनी प्लग काढला, घासला, फुंकला, परत बसवला. स्कूटर आपल्या अंगावर कलती केली, सरळ केली, किक मारली. चौथ्या-पाचव्या किकेला ती सुरू झाली आणि हुस्नबानूंनी खिडकीतून हात केला. यांनी आवाराबाहेर एक फेरी मारली, स्कूटर जागेवर लावली आणि चहाला समोरच्या दारात गेले. वेलदोड्याचा चहा आणि घरची नानकटाई. घरी येऊन मला म्हणाले, काय खुसखुशीत होती गं. इतक्या वर्षांत माझ्या कुठल्या पदार्थाला यांनी विशेषण लावलेलं मला आठवत नाही. मीठ कमी असलं तर तेवढं सांगतात.

पुढच्या रविवारी स्कूटर चालू करणं होतंच, शिवाय धुणं झालं. त्याच्या पुढच्या रविवारी मडगार्डला पॉलिश. आमची स्कूटर शेजारीच उभी होती, तिच्यावर शिंतोडे उडाले ते तसेच वाळले. मी गॅलरीतून विचारलं, आपलीही धुणार आहात ना. हे म्हणाले, आपली रोज चालतेच की. म्हणजे जी रोज चालते तिला पाणीसुद्धा नको. मला ते बोलणं स्कूटरबद्दलचं वाटलं नाही.

मी जळत होते. दुसरा शब्द शोधायचा तर शोधता येईल, पण कशाला? या वयात शोभत नाही म्हणावं तर जळायला वय लागत नाही, समोर काहीतरी व्हावं लागतं. ते दर रविवारी खाली होत होतं. त्या यांना भाऊ म्हणत होत्या, हेही खरं. भाऊ म्हटलं की सगळा प्रश्न मिटला असं मानणाऱ्यांतली मी नाही. मी बँकेत नोकरी केली, तिथे निम्मी प्रकरणं भाऊ म्हणूनच सुरू झाली होती.

तरी हे तसलं काही नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. तसलं असतं तर मी सरळ भांडले असते. मला खुपत होता तो यांचा उत्साह. माझा नवरा इतका कामाचा आहे, त्याला शीळ घालता येते, हे मला शेजारणीच्या स्कूटरमुळे कळावं? माझ्या वाट्याला उरलेला तेवढा आला होता आणि मी तोच पुरा समजून संसार केला होता.

शेवटी मी यज्ञेश्वररावांकडे गेले. वार्षिक सभा तोंडावर होती. मी त्यांना म्हटलं, तुमच्या नियमात पळवाट आहे. पळवाट हा शब्द ऐकून ते खुर्चीत सरसावून बसले. मी म्हटलं, चालू असलेलं वाहन म्हणजे काय, ते तुम्ही लिहिलेलंच नाही. उद्या कोणीही दुसऱ्याकडून किक मारून घेईल आणि सावली अडवून बसेल. चालू म्हणजे वापरात. आणि वापर म्हणजे ज्याची जागा त्याने स्वतः केलेला वापर. ते म्हणाले, वा. कागद पुढे सरकवून म्हणाले, आपणच मसुदा करा, बँकेतल्या माणसाची भाषा पक्की असते. मी जागच्या जागी लिहून दिलं: वापरातील वाहन म्हणजे सभासदाने स्वतः, आठवड्यातून किमान एकदा, आवाराबाहेर चालवलेले वाहन.

सभा नेहमीप्रमाणे खाली पार्किंगमध्येच झाली. यज्ञेश्वररावांनी ठराव वाचायला आणि बटाटेवडे यायला एकच गाठ पडली. ठराव एकमताने मंजूर झाला. हुस्नबानूंनी फक्त एक प्रश्न विचारला, तपासणी कधी. यज्ञेश्वरराव म्हणाले, दसऱ्याला. त्या दिवशी सगळे वाहनं धुवून पूजेला खालीच असतात, कोणाला वेगळं बोलवायला नको. हुस्नबानू बरं म्हणाल्या आणि उठून गेल्या. वडा त्यांनी घेतला नाही.

मी त्या रात्री फार शांत झोपले. मला वाटलं, संपला रविवारचा कार्यक्रम. स्कूटर जाईल जांभळाखाली, किंवा भंगारात जाईल, आणि आमचे हे येतील परत माझ्याकडे, मीठ कमी आहे म्हणायला.

सोमवारी सकाळी हे सहालाच उठले. मी विचारलं, कुठे. हे बूट घालत म्हणाले, "हुस्नबानूंना स्कूटर शिकवायचीय. दसऱ्यापर्यंत यायला हवी ना. नियमच तसा झालाय."

आमच्या मागे एक मोकळा प्लॉट आहे, कोर्टात अडकलेला. तिथे कोथरूडची अर्धी मुलं सायकल शिकली. आमच्या मागच्या गॅलरीतून तो पुरा दिसतो. त्या दिवसापासून माझे कपडे वाळत घालणं फार सावकाश व्हायला लागलं.

आधी हे चालवायचे आणि त्या मागे बसून बघायच्या. मग त्या पुढे बसल्या आणि हे मागे. मग हे उतरले आणि मागची स्टेपनी धरून बरोबर पळायला लागले. साठी उलटलेला माणूस, पायऱ्या चढताना गुडघ्याला हात लावणारा, त्या खडकाळ प्लॉटवर धापा टाकत धावत होता. आणि बोलणं तर ऐकत राहावं. क्लच हळू सोडा, घाई नको, चुकलं तरी चालतं, परत करू. आपल्याला येणार आहे, बघाच आपण. मला आयुष्यात यांनी कोणतीही गोष्ट दुसऱ्यांदा समजावून सांगितली नाही. मी पहिल्यांदा विचारलं की म्हणतात, तुला नाही कळायचं.

आणि आता खरं दुखणं सांगते. मी बँकेत नवीन लागले तेव्हा माझ्या शेजारच्या टेबलावरची मंदाकिनी लुनावरून यायची. पदर खोचलेला, पर्स हँडलला अडकवलेली. ती उतरून लुना स्टँडला लावायची ते मी रोज बघायचे. मी यांना म्हटलं, मलाही शिकायचीय. हे म्हणाले, मी आहे ना सोडायला. लग्नाला थोडेच दिवस झाले होते, मला ते फार गोड वाटलं. त्या गोडाधोडावर मी जन्मभर मागच्या सीटवर बसले. ऑफिस यांच्या वेळेने, भाजी यांच्या सवडीने. माहेरी जायचं तर हे स्वारगेटला सोडणार, यांना जमलं नाही तर माहेर पुढच्या आठवड्यात. मध्ये मी पुन्हा दोन-तीनदा विचारलं. दर वेळी हेच उत्तर, आणि एकदा तर हे दुखावलेही गेले, माझ्याबरोबर यायला नको का, म्हणून. मग मी विचारणं सोडून दिलं. पुण्यात शाळकरी पोरी तोंडाला ओढणी गुंडाळून भरधाव जातात, आणि मी अजून रिक्षावाल्याशी मीटरवरून वाद घालते.

म्हणून मी गॅलरीत उभी राहून जळत होते ते त्या बाईवर नव्हे. म्हणजे तिच्यावरही, खोटं कशाला बोलू. पण तिच्या हातातल्या हँडलवर जास्त.

एका सकाळी त्या पडल्या. वळताना खडीवरून चाक घसरलं, त्या एकीकडे आणि स्कूटर दुसरीकडे. माझ्या हातातला टॉवेल खाली गेला. कोपर सोलवटलं होतं, सलवार गुडघ्यावर फाटली होती. हे धावत गेले, स्कूटर उचलली, त्यांना हात दिला. मग दोघंही हसायला लागले. त्या खाली बसूनच हसत होत्या. घरी आल्यावर हे मला तेच रंगवून सांगत होते, "पडल्या की आज धाडकन. आणि उठून परत बसल्या. पडल्याशिवाय येतंय होय कोणाला?" आणि पुन्हा हसले.

मी पोहे वाढले. मीठ घातलंच नव्हतं, आणि यांच्या ते लक्षातही आलं नाही.

दसऱ्याला सगळी सोसायटी खाली होती. धुतलेली वाहनं, झेंडूच्या माळा, नारळाचं पाणी. यज्ञेश्वरराव हातात पाटीसारखं पॅड धरून एकेका खांबाशी थांबत होते. हुस्नबानूंच्या खांबाशी आले आणि म्हणाले, आपण स्वतः चालवता का. हुस्नबानूंनी स्कूटर स्टँडवरून काढली, अंगावर कलती केली, सरळ केली आणि किक मारली. दुसऱ्या किकेला सुरू झाली. त्या फाटकातून बाहेर गेल्या, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीला वळसा घालून परत आल्या आणि पिवळ्या पट्ट्यांच्या मधोमध स्कूटर लावली. जरासुद्धा तिरकी नाही. जयसिंगची बायको टाळ्या वाजवायला लागली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. आमचे हे असे उभे होते की जणू पोरगी बोर्डात आली आहे.

यज्ञेश्वरराव पुढच्या खांबाशी आले. तो आमचा. त्यांनी पॅडवर बघितलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे.

"जागा आपली. सभासद सौ. पद्मजा. आपण स्वतः चालवता?"

फ्लॅट माझ्या नावावर आहे. बँकेचं कर्ज मला कमी व्याजाने मिळालं, म्हणून तो माझ्या नावावर घेतला. इतकी वर्षं तो आमचा होता, त्यामुळे कोणाच्या नावावर हे मी विसरूनच गेले होते. मसुदा लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त समोरचं दार होतं. सभासदाने स्वतः. माझंच अक्षर, माझीच पक्की भाषा.

कोणीतरी खुदकन हसलं. मी म्हटलं, चालवतात हे, घर एकच आहे. यज्ञेश्वरराव म्हणाले की नियम घराबद्दल नाही, सभासदाबद्दल आहे, आणि तो आपणच केला आहे. यांचं नाव चढवायचं तर पुढच्या वार्षिक सभेत विषय घ्यावा लागेल. मग त्यांना माझी दया आली असावी. ते म्हणाले, दिवाळीपर्यंत मुदत देऊ. तेवढ्यात आपण शिकून घ्या. शिकवायला श्रीधरराव घरात आहेतच, आणि आता त्यांना अनुभवही आहे.

सगळे हसले. मी मात्र हसले नाही. माझ्याच मूर्खपणाने, इतक्या वर्षांनी, दार उघडलं होतं. मसुद्याला चुकून का होईना, फळ आलं होतं. उद्या सकाळी त्या प्लॉटवर मी असेन, आणि हे स्टेपनी धरून माझ्या मागे पळतील आणि म्हणतील, घाई नको, चुकलं तरी चालतं. मी यांच्याकडे वळले.

"नको," हे म्हणाले. "आमची बाहेर लावतो."

आणि यांनी स्कूटर स्टँडवरून काढली, माळेसकट ढकलत नेली आणि जांभळाखाली लावली. त्या स्कूटरला यांनी कधी उन्हाची तिरीपसुद्धा लागू दिली नव्हती. वरती कावळे होतेच.

दुपारी जेवायला बसलो. श्रीखंड वाढलं, पुऱ्या वाढल्या. हे दुसऱ्यांदा श्रीखंड घेत होते तेव्हा मी विचारलं की स्कूटर उन्हात सडली तरी चालेल पण मला शिकवायचं नाही, असं का. हे म्हणाले, आता या वयात कुठे. मी म्हटलं, हुस्नबानू माझ्याहून मोठ्या आहेत.

हे वैतागले. "अगं, पडशील."

"त्याही पडल्या होत्या. तुम्ही हसत घरी आलात."

"त्या पडल्या तर पडल्या." यांनी वाटी खाली ठेवली. "त्या माझ्या कोण? तू पडलीस तर मी काय करू?"

हे मनापासून बोलले. आवाज जरा कापलासुद्धा. दुसरी कोणी असती तर विरघळली असती, आणि मीही क्षणभर विरघळलेच, खोटं नाही सांगत. एवढे महिने मी ज्याच्यासाठी तडफडत होते ते मला ताटावर मिळालं होतं. त्या यांच्या कोणी नव्हत्या. मी होते. मी जिंकले होते. आणि बक्षीस म्हणून मला मागची सीट कायमची मिळाली होती. मी ताटं उचलली आणि मोरीत आपटली.

संध्याकाळी हुस्नबानू आपट्याची पानं घेऊन आल्या. दरवर्षी येतात. हे आत लोळत टीव्ही बघत होते, मी दारातच होते. त्यांनी पानं माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, सोनं घ्या. मग तिथेच उभ्या राहिल्या. मला वाटलं आता चपलेचं काहीतरी काढतील.

त्या म्हणाल्या, नियम कोणी केला आणि कशासाठी केला ते मला त्याच दिवशी कळलं होतं. राग आला होता, वडासुद्धा खाल्ला नाही. पण तो नियम केला नसतात तर मी शिकले नसते. मग त्या खालच्या आवाजात बोलल्या.

"मेहबूब होते तोवर मी त्या स्कूटरला हात लावला नव्हता, पद्मजाताई. लावूच द्यायचे नाहीत. पडशील म्हणायचे. फार जीव होता माझ्यावर."

एवढं बोलून त्या गेल्या. त्यांचं दार लागलं. मी पानं हातात धरून तशीच उभी राहिले.

विधवेचा हेवा करू नये. आमच्या आईने हे बोलून दाखवलं नसतं, कारण असं कोणी करेल हे तिच्या स्वप्नातही आलं नसतं. मी करत होते. मेहबूबभाई गेले तेव्हा मी हुस्नबानूंच्या शेजारी बसून रडले होते, त्यांना दोन घास भरवले होते, आणि आता मी त्यांच्या बंद दाराकडे बघत होते आणि माझ्या मनात हेव्याशिवाय काही नव्हतं. ज्यांचा जीव होता ते गेले, तेव्हा त्यांना हँडल मिळालं. मग मला कधी मिळणार, असा प्रश्न पुढे आपोआप आला. मी तो अर्ध्यात तोडला. आत यांचा खोकला ऐकू आला आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला. इतकी भिकारी इच्छा माझ्या मनात शिरली, ती यांच्या प्रेमामुळे शिरली, याचा मला जो संताप आला तसा आयुष्यात कधी कशाचा आला नव्हता.

मी आत गेले. हे सोफ्यावर आडवे होते, पोटावर वर्तमानपत्र, एक मोजा घसरलेला. जिवंत, धडधाकट. मी पानं देवापुढे ठेवली, पदर खोचला आणि टीव्हीवरची किल्ली उचलली.

यांनी मान वर केली. "कुठे निघालीस?"

"पडायला," मी म्हटलं, आणि जिना उतरले.